हात द्या, पाय काढून घेऊ नका : एम.एस.च्या आजारात चालणे कसे टिकवावे

आजाऱ्याची खिदमत आपल्या घरांत सवाबाचे काम मानले जाते, आणि ते योग्यच आहे. घरात कोणी आजारी पडले की सून उशाशी बसते, मुलगा दवाखान्याच्या फेऱ्या मारतो, शेजारची खाला डबा घेऊन येते. पण काही आजारांत हीच माया चुकीच्या दिशेने गेली तर आजाऱ्याचे नुकसान होते. मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे थोडक्यात एम.एस., हा त्यांपैकी एक.

या आजाराच्या बाबतीत घरांमध्ये दोन चुका होतात. पहिली चूक निदान होण्यापूर्वीची. तिशीतली सून सकाळी व्यवस्थित काम करते आणि संध्याकाळी पाय ओढत चालू लागते. बाहेरून पाहणाऱ्याला काहीच दिसत नाही. ना ताप, ना सूज, ना जखम. मग कोणी तिला कामचुकार म्हणते, कोणी म्हणते नजर लागली, कोणी माहेरी पाठवायला सांगते. दुसरी चूक निदान झाल्यानंतरची. तेच घर आता एकदम घाबरते. "तू बस, आम्ही करतो," असे म्हणत पाण्याचा पेलाही तिच्या हातात आणून दिला जातो. जिना बंद, बाजार बंद, स्वयंपाकघरही बंद. काही महिन्यांत पाय खरोखरच कमजोर होतात आणि सगळा दोष आजाराच्या माथी मारला जातो, जरी त्यातला काही भाग नुसत्या बसून राहण्याचा असतो.

या दोन चुकांच्या मधल्या वाटेबद्दल आम्हाला इथे लिहायचे आहे. एम.एस. मुळापासून बरा करणारे औषध आज नाही. पण मोजूनमापून, नेमाने आणि योग्य आधार घेऊन शरीर हलते ठेवले तर चालणे अधिक काळ टिकते आणि अनेकांचे सुधारतेही. यासाठी आजाऱ्याइतकेच घराने शिकणे गरजेचे आहे.

आजार नेमका काय आहे?

विजेच्या तारेवर जसे प्लॅस्टिकचे वेष्टण असते तसे आपल्या मज्जातंतूंवर मायलिन नावाच्या पदार्थाचे वेष्टण असते. एम.एस.मध्ये शरीराची रोगप्रतिकारशक्ती चुकून मेंदू आणि मज्जारज्जूतील याच वेष्टणावर हल्ला करते. जिथे वेष्टण खराब होते तिथे मेंदूकडून निघालेला हुकूम मंदावतो, अर्धवट पोहोचतो किंवा अडतो. हल्ल्याच्या जागी कठीण व्रण तयार होतात. मल्टिपल स्क्लेरोसिस या नावाचा अर्थच अनेक ठिकाणचा कठीणपणा असा आहे. १८६८ मध्ये पॅरिसमधील सालपेत्रिएर रुग्णालयाचे डॉक्टर ज्याँ-मार्तें शार्को यांनी या आजाराची ओळख स्पष्टपणे मांडली.

जगभरात सुमारे २८ लाख लोकांना हा आजार असल्याचा २०२० मधील अंदाज आहे. बहुतेकांना तो २० ते ४० या वयात होतो आणि स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण पुरुषांच्या दुप्पट ते तिप्पट आढळते. म्हणजे ज्या वयात लग्न, बाळंतपण, लहान मुले आणि सासरची जबाबदारी असते, नेमक्या त्या वयात तो गाठतो. एम.एस. संसर्गजन्य नाही. एका ताटात जेवल्याने, एका बिछान्यावर झोपल्याने किंवा बाळाला जवळ घेतल्याने तो कोणाला होत नाही. एम.एस. असलेली स्त्री आई होऊ शकते. फक्त दिवस राहण्यापूर्वी औषधांबाबत न्यूरोलॉजिस्टशी बोलून घ्यावे लागते. या गोष्टी आम्ही मुद्दाम सांगत आहोत, कारण भीतीपोटी निदान लपवले जाते आणि त्यात उपचाराची मोलाची वर्षे निघून जातात.

व्यायामाला बंदी होती तो काळ

"श्रम करू नकोस, त्रास वाढेल," हा सल्ला काही आपल्या आजीबाईंनी शोधलेला नाही. अनेक दशके डॉक्टरही हेच सांगत असत. १८९० मध्ये विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञांनी नोंदवले की एम.एस.च्या काही रुग्णांची नजर श्रमानंतर धूसर होते. पुढे लक्षात आले की याचे कारण श्रम नसून शरीराची वाढलेली उष्णता आहे. एम.आर.आय. उपलब्ध नव्हते तेव्हा संशयित रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवून लक्षणे वाढतात का, हे पाहण्याची पद्धतही होती. यातून समजूत रुजली की एम.एस.च्या माणसाने अंग तापेल असे काहीही करू नये.

ही समजूत मोडायला मोठा हातभार लावला तो १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने. अमेरिकेतील युटा विद्यापीठात जॅक पेटाजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एम.एस. असलेल्या ५४ जणांना दोन गटांत विभागले. एका गटाने १५ आठवडे, आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी ४० मिनिटे हातापायांनी चालवायच्या सायकलवर व्यायाम केला. दुसऱ्या गटाने केला नाही. व्यायाम करणाऱ्यांचा दमसास वाढला, हातापायांत ताकद आली आणि मनाची उदासीही कमी झाली. आजाराच्या मोजमापात फरक पडला नाही. म्हणजे व्यायामाने आजार बरा झाला नाही, पण वाढलाही नाही.

त्यानंतर असे अनेक अभ्यास झाले. २०१३ मध्ये कॅनडात ठरलेल्या मार्गदर्शक नियमांनुसार, सौम्य ते मध्यम त्रास असलेल्या प्रौढांनी आठवड्यातून दोनदा किमान ३० मिनिटे मध्यम गतीचा व्यायाम आणि दोनदा ताकदीचा व्यायाम करावा. अमेरिकेच्या नॅशनल एम.एस. सोसायटीने २०२० मध्ये आठवड्याला १५० मिनिटांच्या हालचालीचे उद्दिष्ट सुचवले, आणि ते प्रत्येकाने आपापल्या कुवतीनुसार हळूहळू गाठायचे आहे, हेही सांगितले. घरकाम, चालणे, जिना चढणे हे सगळे त्यात धरले जाते.

उष्णतेने होणारा त्रास खरा आहे, पण तो तात्पुरता असतो. अंग थंड झाले की पाय पूर्वीसारखे होतात आणि मज्जातंतूंना नवी इजा होत नाही. घरातल्या मोठ्यांनी हे एकदा नीट समजून घेतले तर भीतीचे ओझे बरेच हलके होईल.

पाय का अडखळतो, हे आधी ओळखा

चालण्यातला त्रास सगळ्यांचा सारखा नसतो. कारण वेगळे तर उपायही वेगळा.

काहींचा पंजा पुढून खाली पडतो. चप्पल पुढच्या टोकाला झिजते, बोटे उंबरठ्याला अडकतात, जमीन सपाट असूनही ठेच लागते. अशांसाठी पंजा उचलून धरणारा हलका स्प्लिंट मिळतो. तो मापाने घ्यावा लागतो. स्लीपर टाळून मागे पट्टा असलेले, पायात घट्ट बसणारे सँडल किंवा बूट वापरावेत.

काहींचे पाय लाकडासारखे ताठरतात, गुडघा वाकत नाही, रात्री पोटऱ्यांत पेटके येतात. त्यांना रोज स्नायू ताणण्याचे व्यायाम लागतात आणि डॉक्टर बॅक्लोफेनसारखे औषध देतात. त्याचा डोस हळूहळू ठरवावा लागतो. जास्त झाला तर पाय लुळे वाटतात, कारण कधीकधी त्या ताठरपणावरच माणूस उभा असतो. हे औषध अचानक बंद करणे धोक्याचे आहे. ताठरपणा एकाएकी वाढला तर लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता, पायाची जखम किंवा घट्ट कपडे यांपैकी काही कारण आहे का, ते आधी पाहावे.

काहींचा तोल जातो. वळताना, मागे पाहताना, गर्दीत. काहींचे तळवे बधिर असतात, त्यामुळे पाय कुठे पडला हे नजरेने पाहावे लागते. अंधारात किंवा तोंड धुताना डोळे मिटले की ते डगमगतात. आणि काहींचे पाय पहिली १०० पावले उत्तम चालतात, मग थकव्याने ओढू लागतात.

यातले आपल्या माणसाचे काय, हे न्यूरोलॉजिस्ट आणि फिजिओथेरपिस्ट तपासून सांगतात. घरातल्यांनी चालण्याचा छोटा व्हिडिओ काढून नेला तर त्यांना मदत होते. एक व्हिडिओ सकाळचा आणि एक थकल्यावरचा असावा.

एक साधे मोजमाप घरीही ठेवता येते. डॉक्टर २५ फूट, म्हणजे सुमारे साडेसात मीटर अंतर चालायला किती सेकंद लागतात ते मोजतात. गच्चीवर किंवा लांब खोलीत खडूने दोन खुणा करा. महिन्यातून एकदा, त्याच वेळी, त्याच चपलांत, सोबत कोणीतरी असताना सुरक्षित वाटेल अशा जलद चालीने ते अंतर चाला आणि सेकंद वहीत लिहून ठेवा. एक-दोन दिवसांच्या चढउताराने घाबरू नका. पण वेळ पाचव्या हिश्शाने वाढली, म्हणजे १० सेकंदांचे १२ झाले आणि तसेच राहिले, तर डॉक्टरांना सांगा. वेळ कमी झाली तर तीही लिहा. मेहनतीचे फळ आकड्यात दिसले की धीर येतो.

घरच्या घरी करता येणारे व्यायाम

पुढचे व्यायाम सुरू करण्यापूर्वी फिजिओथेरपिस्टला एकदा दाखवून घ्यावेत. जिम लागत नाही. एक भक्कम खुर्ची, एक भिंत आणि स्वयंपाकाचा ओटा पुरेसा आहे.

उठणे-बसणे : खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. पाय जमिनीवर टेकवून, शक्य असेल तर हाताचा आधार न घेता उभे राहा आणि सावकाश बसा. पाच वेळा करून थांबा. मांड्यांची ताकद यानेच टिकते, आणि शौचालयातून उठणे, रिक्षातून उतरणे, जिना चढणे हे सगळे याच ताकदीवर चालते.

टाचा आणि पंजे : ओट्याला दोन्ही हातांनी धरून उभे राहा. टाचा उचला, खाली ठेवा. मग पंजे उचला, खाली ठेवा. प्रत्येकी पाच ते दहा वेळा.

पोटरीचा ताण : भिंतीवर हात टेकवा, एक पाय मागे घ्या, त्याची टाच जमिनीला चिकटलेली ठेवा आणि हळूच पुढे झुका. पोटरीत ताण जाणवेल. ३० सेकंद थांबा. हिसके देऊ नका.

बाजूची पावले : ओट्याच्या कडेने, कड धरून, खेकड्यासारखी पाच पावले उजवीकडे आणि पाच डावीकडे.

तोल : खोलीच्या कोपऱ्यात पाठ करून उभे राहा आणि समोर खुर्ची ठेवा, म्हणजे कुठेही तोल गेला तरी आधार मिळतो. आधी दोन्ही पाय जवळ घेऊन उभे राहा, ते जमले की एक पाय पुढे आणि एक मागे. दहा सेकंदांपासून सुरुवात करा.

चालणे : सलग अर्धा तास चालण्याचा हट्ट नको. दोन मिनिटे चाला, दोन मिनिटे बसा, पुन्हा चाला. अशा तुकड्यांनी एकूण अंतर जास्त होते आणि थकवा कमी येतो. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटेही पुरे. मग दर आठवड्याला एखादे मिनिट वाढवा.

किती करावे, याची खूण सोपी आहे. व्यायामानंतरचा थकवा तास-दोन तासांत उतरला तर प्रमाण योग्य. दुसऱ्या दिवशी सकाळीही अंग गळाले असेल तर जास्त झाले. पुढच्या वेळी कमी करा, पण बंद करू नका. चालताना फोनवर बोलू नका. मेंदूला चालणे आणि बोलणे ही दोन कामे एकदम सांभाळावी लागली की पाऊल मंदावते आणि तोल जातो. सोबत चालणाऱ्यानेही रस्ता ओलांडताना किंवा जिन्यावर गप्पा थांबवाव्यात.

ज्यांना उभे राहता येत नाही त्यांनीही हालचाल सोडू नये. खुर्चीत बसून गुडघे सरळ करणे, पाठ ताठ ठेवून हात वर नेणे, घरच्यांच्या मदतीने पाय ताणून घेणे याने सांधे आखडत नाहीत आणि पाठीला जखमा होण्याचा धोका घटतो.

ऊन आणि थकवा

आपल्याकडचा एप्रिल-मे एम.एस.च्या माणसाची परीक्षा पाहतो. चालण्याचा व्यायाम फजरनंतर, ऊन चढण्यापूर्वी करावा. जमत नसेल तर घरात पंख्याखाली. चालण्यापूर्वी आणि नंतर थंड पाणी प्यावे, मानेवर ओला रुमाल ठेवावा, परतल्यावर पाय थंड पाण्याच्या टबात ठेवावेत. कढत पाण्याने आंघोळ टाळावी. भगिनींनी जाड, काळ्या, कृत्रिम धाग्याच्या बुरख्याऐवजी हलक्या रंगाचा, सैल आणि सुती कापडाचा निवडावा. पर्दा तोच राहतो आणि पायांतली ताकद टिकते.

स्वयंपाकघराची धग हाही मोठा भाग आहे. भाजी चिरणे, पीठ मळणे, तांदूळ निवडणे ही कामे खुर्चीवर बसून, खिडकीजवळ करता येतात. भाकरी-चपातीसाठी शेगडीपुढे उभे राहणे दुसऱ्या कोणावर सोपवावे. इथे घराने फरक ओळखावा. सगळे काम काढून घेणे वेगळे आणि फक्त धगीचे काम काढून घेणे वेगळे.

एम.एस.चा थकवा झोप झाली तरी जात नाही. तो आळस नाही, आजाराचेच लक्षण आहे. दिवसाची मोठी कामे सकाळी उरकावीत, दोन कामांच्या मध्ये दहा-पंधरा मिनिटे आडवे व्हावे, आणि पाहुणे येणार असतील त्या दिवशी कपडे धुण्याचे काम ठेवू नये. थकून कोसळल्यावर घेतलेल्या विश्रांतीपेक्षा थकण्याआधी घेतलेली विश्रांती अधिक उपयोगी पडते.

काठीची लाज कशाला?

तरुण वयात काठी घेणे कोणालाही आवडत नाही. लोक काय म्हणतील, मुलीला बघायला येणारे काय म्हणतील, या विचाराने काठी दाराआड राहते आणि माणूस भिंती धरून चालतो. एकत्रित अभ्यासांतून दिसले आहे की एम.एस. असलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक तीन महिन्यांच्या काळात एकदा तरी पडतात. एकदा पडून हाड मोडले की प्लास्टरमधल्या आठवड्यांत जी ताकद जाते ती परत मिळवणे फार कठीण असते. शिवाय पडण्याच्या भीतीने माणूस घराबाहेर पडणेच सोडतो.

काठी वापरण्याची रीत आहे. ती कमजोर पायाच्या विरुद्ध हातात धरायची. उजवा पाय कमजोर असेल तर काठी डाव्या हातात, आणि उजवा पाय व काठी एकाच वेळी पुढे. हात सैल सोडून ताठ उभे राहिल्यावर मूठ मनगटाच्या घडीपाशी यावी, म्हणजे धरताना कोपर किंचित वाकतो. खालचे रबरी टोपण झिजले की लगेच बदलावे. जिना चढताना आधी चांगला पाय वर टाकावा, उतरताना आधी काठी आणि कमजोर पाय खाली टाकावा.

घरात काठीशिवाय फिरणाऱ्याने बाजारात काठी आणि लांबच्या लग्नाला व्हीलचेअर घेतली तर त्यात हार मानण्यासारखे काही नाही. व्हीलचेअरने हॉलपर्यंत गेलेली व्यक्ती आत गेल्यावर उभी राहून सगळ्यांना भेटू शकते. चालत गेली असती तर दारातच संपली असती.

घराची तपासणी

एका सुट्टीच्या दिवशी सगळ्यांनी मिळून घर फिरून पाहावे. न्हाणीघरात आणि वुजूच्या जागी पाणी साचते का? तिथे रबरी चटई आणि भिंतीला लोखंडी दांडा बसवावा. वुजू स्टुलावर बसून करता येतो. बसायच्या शौचालयातून उठणे जड जात असेल तर कमोड किंवा कमोडची खुर्ची घ्यावी. सतरंजीच्या आणि गालिच्याच्या दुमडलेल्या कडा, दारात विखुरलेल्या चपला, जमिनीवरून गेलेल्या वायरी हटवाव्यात. उंबरठ्यावर रंगीत पट्टी लावावी. बिछान्यापासून शौचालयापर्यंत रात्री मंद दिवा असावा.

रात्रीच्या दिव्याला कारण आहे. एम.एस.मध्ये लघवीची घाई होते आणि त्या घाईत माणूस पडतो. म्हणून अनेक जण पाणी पिणेच कमी करतात. त्याने बद्धकोष्ठता होते, संसर्ग होतो आणि पाय आणखी ताठरतात. लाज बाजूला ठेवून हे डॉक्टरांना सांगावे. यावर औषधे आहेत.

नमाज, रोजे आणि सफर

आजाऱ्यासाठी दीनमध्ये सवलत आहे, हे आपण सगळे जाणतो, तरीही ती घेताना मन कचरते. हजरत इमरान बिन हुसैन (रजि.) आजारी असताना त्यांना उभे राहून, ते जमले नाही तर बसून आणि तेही जमले नाही तर कुशीवर नमाज पढण्याची शिकवण मिळाल्याची रिवायत बुखारी शरीफमध्ये आहे. सजद्यातून कियामात येणे हा तोलाच्या दृष्टीने कठीण क्षण असतो. ज्यांना तिथे चक्कर येते किंवा पाय थरथरतात त्यांनी पडण्याची वाट पाहू नये. जवळ भक्कम खुर्ची किंवा भिंत असावी. जेवढे उभे राहता येते तेवढे उभे राहून बाकीचे बसून अदा करण्याबाबत आपल्या आलिमांना विचारून घ्यावे.

रमजानपूर्वी महिनाभर आधी डॉक्टरांना भेटावे. काही गोळ्या दिवसातून तीनदा, काही ठरावीक तासांच्या अंतराने घ्यायच्या असतात. सहेरी आणि इफ्तारमध्ये त्या आपल्या मनाने कोंबू नयेत. आजाऱ्याला रोजे नंतरच्या दिवसांत पूर्ण करण्याची मुभा कुरआनने दिलेली आहे, आणि ज्यांचा आजार कायमचा आहे त्यांच्यासाठीचा मसला आलिम सांगतील.

हज आणि उमरा यांचेही तसेच. सफा-मरवाच्या सात फेऱ्या मिळून सुमारे तीन किलोमीटर होतात, तेही दमवणाऱ्या हवेत. आजारी असताना हजरत उम्मे सलमा (रजि.) यांनी सवारीवरून तवाफ केल्याची रिवायत आहे. आज तिथे व्हीलचेअर मिळतात. ताकद इबादतीसाठी राखून ठेवावी.

औषधे आणि डॉक्टर

आजाराचे झटके कमी करणारी औषधे वेगळी असतात आणि व्यायाम त्यांची जागा घेत नाही. बरे वाटते म्हणून ती बंद करू नयेत. "मुळापासून बरे करू" अशी हमी देणाऱ्यांपासून सावध राहावे.

खास चालण्यासाठी डालफॅम्प्रिडीन नावाची गोळी आहे. अमेरिकेत तिला २०१० मध्ये मान्यता मिळाली आणि ती भारतातही मिळते. ती बारा तासांच्या अंतराने दिवसातून दोनदा घेतात. ती सगळ्यांना लागू पडत नाही. चाचण्यांत साधारण एक तृतीयांश किंवा थोड्या अधिक लोकांना फायदा झाला आणि त्यांचा चालण्याचा वेग सरासरी पावपट वाढला. फिट येण्याचा इतिहास असलेल्यांनी किंवा मूत्रपिंडाचे काम कमी झालेल्यांनी ती घेऊ नये. म्हणून ती डॉक्टरांशिवाय सुरू करू नये, आणि गोळी चुकली तर दुप्पट घेऊ नये.

नवे लक्षण आले किंवा जुने वाढले आणि २४ तासांनंतरही राहिले तर न्यूरोलॉजिस्टला कळवा. सोबत ताप किंवा लघवीची जळजळ असेल तर आधी संसर्गाची तपासणी होते, कारण संसर्ग गेला की अनेकदा पायही पूर्ववत होतात. धूम्रपानाने हा आजार लवकर वाढतो. ते सोडणे हाही उपचाराचाच भाग आहे.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एम.एस.चा समावेश आहे. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा अधिक ठरले तर प्रमाणपत्रावर अनेक सवलती मिळू शकतात. त्यासाठी यू.डी.आय.डी. कार्डाचा अर्ज करावा. मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९८५ पासून काम करते. मुंबई आणि पुण्यात तिच्या शाखा आहेत. आपल्यासारखेच दुसरे कोणी भेटले की अर्धी भीती जाते.

घरच्यांनी एवढे करावे

थकलो असे आजाऱ्याने सांगितले की त्यावर विश्वास ठेवा, पुरावा मागू नका. मी करतो असे तो म्हणाला तर करू द्या, वेळ लागला तरी. शर्टाची बटणे लावायला दहा मिनिटे लागत असतील तर घरातून दहा मिनिटे आधी निघण्याची तयारी करा. चालताना दंड पकडून ओढू नका. आपला हात पुढे करा आणि त्यांना धरू द्या. घरातले एक तरी रोजचे काम त्यांच्या नावावर राहू द्या : दूधवाल्याचा हिशेब, मुलांचा अभ्यास, कुंड्यांना पाणी, सकाळचा चहा. ते काम दुसऱ्याने घाईत उरकू नये.

व्यायामाची वेळ घराच्या वेळापत्रकात बसवा आणि रोज कोणीतरी एक जण सोबत करा. सासूबाईंचे गुडघे दुखतात, अब्बांना साखर आहे, त्यांनाही उठणे-बसणे आणि चालणे डॉक्टरांनी सांगितलेलेच असते. एकाच्या आजारासाठी सुरू झालेला पंधरा मिनिटांचा नेम साऱ्या घराचा झाला तर आजाऱ्याला वेगळे पडल्यासारखे वाटणार नाही, आणि नेमही टिकेल. शिफा देणारा अल्लाह आहे. आपल्या हातात आहे ते रोजची पंधरा मिनिटे आणि पुढे केलेला हात.